साध्या कागदावरचे मृत्युपत्र आणि आईच्या हातातला निम्मा वाटा

प्रश्न फोंडा तालुक्यातून आला आहे. वडील २०२१ साली वारले. आई ७८ वर्षांची आहे. भावंडे पाच, सगळी विवाहित. थोरला मुंबईला, मधला पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला, एक बहीण डिचोलीला आणि एक म्हापशाला दिलेली. विचारणारे धाकटे. आईवडिलांपाशी तेच राहिले, वडिलांचे आजारपण त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने काढले, कुळागराला, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीला, पाणी तेच लावतात. वडिलांनी जाण्याआधी दोन वर्षे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मृत्युपत्र टंकून घेतले, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि नोटरीचा शिक्का मारला. घर आणि कुळागर दोन्ही धाकट्याच्या नावे. आता थोरले म्हणतात, वाटण्या करा, नाहीतर कोर्टात जातो. धाकट्यांचे प्रश्न दोन आहेत: हे मृत्युपत्र चालेल का? आणि आई आपले सगळे माझ्या नावे करायला तयार आहे, तर ते कसे करायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, तरी ते आधीच सांगतो. वडिलांचा कागद मृत्युपत्र म्हणून गोव्यात टिकणार नाही. आणि तो नियमाप्रमाणे केला असता, तरी घर आणि कुळागर सगळेच्या सगळे तुम्हाला मिळाले नसते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही नीट समजून घ्या, कारण आईच्या वेळी तीच चूक पुन्हा होऊ शकते.

नोटरीचा घोटाळा फार घरांत झालेला आहे. आपल्याकडे नोटरी दोन प्रकारचे. एक, प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारे, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणारे. हे नोटरी देशभर असतात. दुसरे, स्पेशल नोटरी. पोर्तुगीज काळात ज्याला नोतारियु म्हणत, त्याचे काम आज तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातले सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार करतात. गोव्यातल्या माणसाचे मृत्युपत्र या दुसऱ्या नोटरीपुढे व्हावे लागते. उघडे मृत्युपत्र असेल तर नोटरी ते स्वतःच्या वहीत नोंदवतो, दोन साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवतो आणि मग सगळ्यांच्या सह्या होतात. बंद मृत्युपत्र असेल तर करणारा ते स्वतः लिहून किंवा लिहवून आणतो, नोटरी त्यावर मान्यतेची नोंद करतो आणि ते शिवून, लाख लावून मोहरबंद होते. ज्याला वाचता येत नाही त्याला बंद मृत्युपत्र करता येत नाही. महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोऱ्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केली की मृत्युपत्र होते. तिकडे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने सांगितले, आपण ऐकले, असे होऊन इथे घरेच्या घरे फसली आहेत. तुमच्या वडिलांच्या मनात काय होते ते त्या कागदावरून स्पष्ट दिसते. पण मनातले कायद्याच्या वाटेने उतरले नाही.

आता दुसरा भाग, वाट्यांचा. गोव्यात हा विषय पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. ती संहिता १८६७ ची. मुक्तीनंतरही तिचे कौटुंबिक आणि वारसाविषयक नियम चालू राहिले. वारशाचा भाग आता आपल्या विधानसभेने केलेल्या कायद्यात आहे. त्याचे नाव गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२. तो प्रत्यक्षात २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्या गोवेकरांना एकच नियम. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही, आणि तो जुन्या संहितेतही नव्हता. उरलेल्या देशातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळायला २००५ उजाडले. आपल्या आज्यांना तो कागदावर आधीपासून होता. कागदावर म्हणतो, कारण प्रत्यक्षात किती जणींना तो मिळाला, हे कोर्टात बसून मी पाहिलेले आहे. त्याकडे पुढे येतो.

लग्नाच्या वेळी नोंदणी कार्यालयात वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची सगळी मालमत्ता सामायिक होते. लग्नाआधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, सगळी. अर्धी त्याची, अर्धी तिची. वेगळा करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. तुमच्या आईवडिलांनी तो केला नसणार. त्या पिढीत तो क्वचितच कोणी करी. म्हणजे वडील वारले तेव्हा घराचा आणि कुळागराचा निम्मा वाटा आईचाच होता. तो तिला वारशाने मिळाला नाही, तो तिचा स्वतःचा आहे. कागदोपत्री तिला हाफ शेअरर किंवा मोयटी होल्डर म्हणतात. वडिलांना मृत्युपत्रात बोलता येत होते ते फक्त उरलेल्या निम्म्याबद्दल. त्यातलाही अर्धा भाग कायद्याने मुलांसाठी राखीव असतो. तो मुलांना सारखा जातो आणि बापालाही तो फिरवता येत नाही. मुलाला त्यातून बेदखल करायचे असेल तर कायद्याने नेमून दिलेली कारणे आहेत. त्यांपैकी एखादे घडलेले असावे लागते आणि ते मृत्युपत्रात लिहावे लागते. ‘मुंबईला गेला, विचारले नाही’ एवढ्यावर ते होत नाही. उरला तो मोकळा भाग, म्हणजे सगळ्या मालमत्तेचा चौथा हिस्सा. तेवढाच वडिलांना मनाप्रमाणे देता आला असता.

आकड्यांनी बघू. सोयीसाठी सगळ्याची किंमत एक कोटी धरतो. घर आणि परसू ४५ लाख, कुळागर ४० लाख, बँकेतले पैसे आणि सोने १५ लाख. आईचे ५० लाख. वडिलांचे ५० लाख पाच मुलांत सारखे, कारण मृत्युपत्र टिकत नाही. प्रत्येकी १० लाख. आज तुमचा हक्क एवढाच आहे. ज्या घरात तुम्ही जन्मलात, ज्याचे कौल तुम्ही दरवर्षी परतता, त्या ४५ लाखांच्या घरापुढे तुमच्या हातात १० लाख आहेत.

ही गोष्ट मी मुद्दाम टोचेल अशी सांगतो, कारण कोर्टात काय होते ते आधी कळलेले बरे. वारसांचे जमले नाही तर त्यांपैकी कोणीही दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचे प्रकरण, दाखल करू शकतो. कुटुंबाच्या मालमत्तेचा एक प्रमुख नेमला जातो. जुने वकील अजून त्याला ‘काबेसा द काझाल’ म्हणतात. तुमच्या घरी ती आई असेल, कारण हयात जोडीदाराचा मान पहिला. ती शपथेवर सांगते, कोण वारले, वारस कोण, मालमत्ता कोणती, कर्ज किती. यादी लागते, हरकती येतात, किंमत ठरते. मग सगळ्या संबंधितांची बैठक होते. तिथे कोणी काय घ्यायचे यावर एकमत झाले तर उत्तम. नाही झाले तर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलेल त्याच्या वाट्याला ती वस्तू जाते आणि आपल्या हिश्शापेक्षा जितकी जास्त असेल तितकी रक्कम त्याने इतरांना भरायची.

एक बोली मला विसरता येत नाही. जुने चौसोपी घर होते, मधे राजांगण, एका बाजूला देवघर. चवथीचा गणपती त्याच घरात, सगळे भाऊ तिथेच जमायचे, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, एकत्र बांधायचे. बैठकीच्या दिवशी घरात राहणारा भाऊ आणि बाहेर स्थायिक झालेला भाऊ शेजारी शेजारी उभे होते. बोली पन्नास-पन्नास हजारांनी चढत गेली. घरात राहणाऱ्याने प्रत्येक बोलीआधी मागे वळून बायकोकडे पाहिले. सहाव्या की सातव्या वेळी तिने नुसती मान हलवली आणि तो थांबला. घर बाहेरच्या भावाला गेले. त्याने नियमाबाहेर काही केले नव्हते. पण त्या वर्षी चवथीला त्या घराचे दार बंद होते, आणि गणपती एका बहिणीच्या सासरी, बाहेरच्या खोलीत बसला. मी त्या घरात राहणाऱ्या भावाचा वकील होतो. दोन वर्षे आधी त्याने मला विचारले असते तर घर वाचवता आले असते, हे मला त्या दिवशीही माहीत होते. त्याने विचारले तेव्हा आई जाऊन सहा महिने झाले होते.

तुमची आई आहे. म्हणून हे उत्तर लांबवतो आहे.

वडिलांची वाटणी आधी होऊ द्या, आणि तीत घर आईच्या वाट्याला जाऊ द्या. तिचा हक्क ५० लाखांचा आहे, घर ४५ चे. तिला खिशातून पैसाही घालावा लागत नाही, उलट पाच लाख रोख तिच्याकडे येतात. बोली लागलीच तर आईलाही बोलता येते, आणि घर तिच्या हिश्शात बसत असल्याने तिच्यापुढे टिकणे इतरांना जड जाते. उरलेले कुळागर आणि दहा लाख पाच भावंडांत. त्यात तुमचे दहा लाख कुळागरातून घ्यायचे की पैशातून, ते बोलून ठरवा. कुळागर तुम्ही राखता, तर पोफळी आणि माडांचा पाण्याकडचा तुकडा मागा. पण एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमीन नोंदीच्या, उताऱ्यावर कुळाचे किंवा इतर हक्काचे नाव कुठे आहे ते आधी बघा. कुळागरात मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर असेल तर त्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने सुरक्षित आहे. तो भाग ज्याच्या वाट्याला जाईल त्याला तो हक्क मानूनच जावे लागते, आणि किंमत लावताना ते धरायला हवे.

वाटणी झाली की घर एकट्या आईचे. मग तिचे मृत्युपत्र. ती आज मृत्युपत्र करू शकते, पण वाटणीआधी तिच्याकडे आहे तो सगळ्या मालमत्तेतला निम्मा वाटा. अमुक घर असे बोट दाखवून देण्याजोगे काही नाही. म्हणून आज करायचे असेल तर ‘माझा मोकळा हिस्सा धाकट्याला’ असे लिहावे आणि वाटणीनंतर नवे करून त्यात घर लिहावे. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, शेवटचे खरे. तिचे वय पाहता पहिले या महिन्यातच करा, वाटणीची वाट बघू नका.

पुन्हा आकडे. आईकडे घर ४५ आणि रोख ५. तिच्या ५० पैकी २५ लाख पाच मुलांचा राखीव भाग, प्रत्येकी ५. मोकळे २५ तिने तुम्हाला दिले, तर तुमचे ३०. घर ४५ चे, म्हणजे पंधरा लाख भावंडांना द्यायचे राहतात. वडिलांच्या वाटणीतून आलेले दहा त्यात घातले तर खिशातून पाच. मृत्युपत्र न करता आई गेली तर तिच्या ५० मधून तुम्हाला फक्त दहा मिळतील, वीस लाख जास्त उभे करावे लागतील, आणि त्याशिवाय थोरल्यांशी बोली लावावी लागेल. किंमती वेगळ्या असतील, गणित हेच राहील.

आई सगळेच तुमच्या नावे करायला तयार आहे असे तुम्ही लिहिता. तसे ती करू शकत नाही, आणि कोणी करून दिले तरी इतर चौघांना त्यांचा राखीव भाग परत मागता येतो. बक्षीसपत्रानेही ही वाट चुकत नाही. आईबापाने हयातीत एका मुलाला दिलेले बक्षीस मागाहून वाटणीच्या हिशोबात धरले जाते. एका मुलाला इतरांच्या संमतीवाचून केलेली विक्रीही अडचणीत येते. पैसे न देता विक्रीखत केले असेल तर ते उघडे पडायला वेळ लागत नाही. आणि माझे स्वतःचे मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसाने हयातीत घर दुसऱ्याच्या नावे करू नये, मुलगा कितीही चांगला असो. तुम्ही तिला घराबाहेर काढाल असे मी म्हणत नाही. पण मृत्युपत्र तिच्या हातात राहते, ती उद्या मन बदलू शकते, आणि मन बदलू शकणाऱ्या आईशी सगळी मुले जरा जास्त मायेने वागतात. ते तिच्या वयाला हवे असते.

मृत्युपत्राला जाताना काय होते ते सांगतो, म्हणजे घरी तयारी होईल. आईचे ओळखपत्र, तिच्या जन्माचा आणि लग्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यू दाखला, मालमत्तेचे कागद. साक्षीदार दोन, आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणारे नसावे. तुमची बायको, तुमचा मेव्हणा, कोणी नको. आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचे किंवा आदल्या दिवसाचे पत्र घ्या, की ती पूर्ण भानावर आहे आणि तिला कळते. कायदा ते मागो न मागो, पुढे कोर्टात तेच उपयोगी पडते. मसुदा बहुधा इंग्रजीत टंकलेला असतो. तो तिला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि वाचून झाल्यावर तिच्याच तोंडून परत ऐका. नवराबायको दोघे हयात असताना एकाच कागदावर दोघांचे मृत्युपत्र करता येत नाही, प्रत्येकाचे वेगळे, हेही ओळखीच्यांना सांगून ठेवा.

आणि आईबरोबर आत जाण्याचा हट्ट धरू नका. एका तालुक्याच्या कार्यालयात एक आजीबाई मृत्युपत्राला आल्या होत्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी, तीत घडी घातलेले दाखले. मुलगा खुर्चीला लागून उभा. नोटरींनी दोन ओळी वाचल्या, थांबले आणि मुलाला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसा. तो रागावला, पण गेला. मग त्यांनी आजीबाईंना विचारले, हे तुम्ही सांगितलेले आहे की कोणी लिहून आणलेले? आजीबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, धाकट्या मुलीला काहीतरी घाला, तिचा नवरा आजारी आहे. मसुदा पुन्हा झाला. पुढे ते मृत्युपत्र एका भावाने आव्हानात घेतले तेव्हा ती पाच मिनिटे कामाला आली. साक्षीदारांनी सांगितले की मुलगा बाहेर होता आणि आईने स्वतः बदल सुचवला. तुमच्याही आईला तशी पाच मिनिटे मिळू द्या. तिच्या मनात बहिणींसाठी काही असेल तर ते यायला वाट हवी.

बहिणींचे बोलायलाच हवे. तुम्ही लिहिता, ‘बहिणी सही करून देतील, त्या काही मागत नाहीत.’ गोव्यात हे वाक्य मी हजारदा ऐकले आहे. चवथीला माहेरी आल्या की सोप्यावर बसवून एक कागद पुढे केला जातो, ताई, इथे सही कर, फक्त रेकॉर्डसाठी आहे. त्या सहीने हक्क सुटत नाही. वारसा सोडायचा तर तो नोटरीपुढे खत करून किंवा कोर्टात सोडावा लागतो, आणि विवाहित मुलीच्या बाबतीत नवऱ्याचीही सही लागते, कारण तिला आलेल्या वारशात सामायिक मालमत्तेमुळे त्याचाही भाग पडतो. म्हणून आपल्याकडे वाटणीच्या कागदांवर जावई आणि सुना यांची नावे भरलेली दिसतात. एकदा सोडलेला वारसा परत घेता येत नाही. म्हणून बहिणींना पूर्ण हिशोब दाखवूनच विचारा. दहा दहा लाखांचा हक्क आहे, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. मग त्यांनी सोडला तर तो त्यांनी तुम्हाला दिला असे होईल. नाही सोडला, तर तुम्ही त्यांचा हिस्सा हप्त्याने देण्याचे ठरवू शकता आणि ते खतात लिहू शकता. दोन्ही बहिणींनी घर तुमच्याकडे राहू देण्याचे कबूल केले, तर थोरल्यांशी बोलणे निम्म्याने सोपे होते, हा अनुभव आहे.

वडिलांचा तो कागद फेकू नका. कायद्यात त्याला किंमत नसली तरी सगळी भावंडे एकत्र बसली की तो वाचून दाखवा. वडिलांनी दोन ओळी लिहिल्या असतील तर त्या भावाबहिणींनी ऐकाव्यात. पाचही जणांचे एकमत झाले तर कोर्टात न जाता नोंदणी केलेल्या वाटणीखताने सगळे मिटते, आणि वडिलांची इच्छा पुरी करण्यापासून सज्ञान भावंडांना कायदा अडवत नाही. पण तो कागद दाव्यात ढाल म्हणून पुढे करू नका. तो कोसळतो आणि त्याबरोबर तुमच्या बाकी बोलण्यावरचा विश्वासही जातो.

मधल्या भावासाठी: पासपोर्ट बदलला म्हणून वारसा जात नाही. तो येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र पाठवू शकतो. ते तिथल्या नोटरीपुढे करून अपॉस्टिल केलेले, म्हणजे तिथल्या सरकारने खरेपणाचा दाखला जोडलेले, हवे, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत चुकते आणि मग पुन्हा सगळे. मुखत्यारपत्रात त्याच्या पत्नीचीही सही असू द्या. पुढे त्याला आपला भाग विकून पैसे तिकडे न्यायचे असतील तर परकीय चलनाचे नियम लागतात. ते त्याने त्या वेळी वेगळे विचारून घ्यावे.

थोरल्यांना मुंबईत फ्लॅट आहे असे तुम्ही लिहिता आणि त्यावर तुमचा रोख दिसतो. तो त्यांचा, त्यात तुमचा काही संबंध नाही. पण त्यांनाही एक गोष्ट कळवा: २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे की गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा गोव्याच्याच नियमाने जातो. म्हणजे त्या फ्लॅटमध्येही वहिनींचा निम्मा वाटा आणि मुलांचा राखीव भाग आहे. मुंबईच्या एखाद्या वकिलाने करून दिलेले त्यांचे मृत्युपत्र असेल तर ते इथे एकदा दाखवून घ्यावे.

आणखी एक, तुमच्या प्रश्नात नसलेले. ज्या जोडप्यांना मूलबाळ नाही त्यांनी मृत्युपत्राविना राहूच नये. जोडीदाराचा स्वतःचा निम्मा त्याचा राहतो, पण गेलेल्याच्या निम्म्यात वारस म्हणून जोडीदाराचा क्रमांक आईवडील आणि भाऊ-पुतणे यांच्या मागून लागतो. विधवा बाई एका खोलीत आणि चार दिरांची मुले बाकीच्या घरावर दावा सांगताहेत, असे प्रकरण माझ्याकडे दर थोड्या काळाने येते. नवऱ्याने एक सकाळ नोंदणी कार्यालयात घालवली असती तर ते टळले असते.

सक्सेशन डीड केले की वाटणी झाली असाही समज आहे. ते खत फक्त सांगते की वारस कोण. वर्तमानपत्रात त्याची जाहीर सूचना येते, तीही एवढ्यासाठीच. कोणाला कोणता तुकडा, ते वाटणीखत किंवा इन्व्हेंटरीचा निकाल सांगतो. त्यानंतर मामलेदाराकडे फेरफार. एक-चौदावर नाव चढले म्हणजे मालक झालो हेही खरे नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क गेला हेही नाही. पण नावे आजोबांचीच ठेवून दोन पिढ्या झोपून राहणे फार धोक्याचे. खोट्या कागदांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. मालक कधीच वारलेले आणि वारस परदेशी, अशा जमिनी त्यांत होत्या.

कामाला लागताना पहिली अडचण पैशाची येणार नाही, नावांची येईल. वडिलांच्या जन्माच्या नोंदीत पोर्तुगीज स्पेलिंग असेल, शाळेच्या दाखल्यात वेगळे, आधारवर तिसरे. प्रभूचे पोरोबो, नाईकचे वेगळ्याच अक्षरांत लिहिलेले, आजोबांच्या नावापुढे लागलेले सिनाय नातवाच्या दाखल्यात गळालेले. नोटरी विचारतो, हा तोच माणूस कशावरून? तेव्हा आईवडिलांच्या जन्माचा आणि लग्नाचा पूर्ण उतारा, ज्याला नोंदणी कार्यालयात अजून ‘तेओर’ म्हणतात, तो आधी काढा. लग्नाच्या तेओरवर मालमत्तेबद्दल वेगळा करार झाला होता की नाही हेही कळते, आणि वर मांडलेले सगळे गणित त्या एका गोष्टीवर उभे आहे. तो हातात आला की आईला घेऊन या. पहिले मृत्युपत्र त्याच आठवड्यात होईल, आणि भावंडांची बैठक चवथीपूर्वी लावा, सगळे घरी येतात तेव्हाची वाट बघू नका. त्या दिवसांत आईने माटोळीखाली बसून नातवंडांना बघावे. तेव्हा तिच्यापुढे कागद नसावेत.